शंकरपटाचा फोटो: बैलजोडी काळी का पडते?

सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवला. भंडारा जिल्ह्यातील शंकरपटात आता मोबाइलही सरसावतात. पण फोटोत जोडी काळी पडते, नाहीतर आकाश पांढरेफटक होते.

कारण काय?
फ्रेममध्ये उजळ आकाश जास्त असले की कॅमेरा एक्स्पोजर घटवतो. एचडीआर अनेक फ्रेम जोडतो, त्यामुळे धावत्या बैलांच्या कडा दुहेरी दिसू शकतात.

काय कराल?
- सूर्य पाठीमागे ठेवा, फ्रेममध्ये आकाश कमी घ्या.
- जोडी जिथे टिपायची, त्या जागेवर आधीच बोट दाबून फोकस-एक्स्पोजर लॉक करा.
- पांढरे बैल मातीपेक्षा उजळ असतात. म्हणून स्लायडर किंचित खाली ओढा.
- बर्स्टमध्ये फोटो घ्या.

सावली नंतर उजळता येते, पांढरे पडलेले आकाश परत येत नाही. आणि फोटोसाठी कठडा ओलांडू नका.