पऱ्हाटीची बहीण गच्चीवर

यवतमाळात ज्याला गच्चीवर भाजीपाला लावायला शिकायचं आहे, त्यानं पहिली कुंडी भेंडीची लावावी, असं माझं ठाम मत आहे. टोमॅटो, वांगी, सांभार नंतर. ज्या कापसाच्या नावानं हा जिल्हा ओळखला जातो, त्याच कापसाच्या कुळातली ही भाजी आहे. वावरात लांबवर पसरलेली पऱ्हाटी रस्त्यावरून बघून जे कळत नाही, ते एका कुंडीपाशी बसलं की कळायला लागतं.

पेरल्यापासून साधारण सहा-सात आठवड्यांत भेंडीला पहिलं फूल येतं. ते सकाळीच बघायला हवं, कारण दुपार कलली की ते मिटतं आणि पुन्हा उघडत नाही. फिकट पिवळ्या पाच पाकळ्या, तळाशी गर्द किरमिजी डाग आणि मधोमध एक छोटासा खांब. खांबाला परागाचे दाणे चिकटलेले, टोकाला मखमली किरमिजी ठिपके. सगळे पुंकेसर एकमेकांना जुळून त्यांची नळी झालेली असते आणि स्त्रीकेसर त्या नळीतून वर डोकावतो. आता शेजारच्या जास्वंदीकडे बघा. तोच खांब, फक्त लांब. अंबाडीच्या फुलात तोच, कापसाच्या फुलातही तोच. देशी कापसाचं पिवळं, डागाचं फूल भेंडीच्या फुलाशेजारी ठेवलं तर भलाभला माणूस क्षणभर गोंधळेल. रानातली काटेसावर आणि चॉकलेट देणारा दूरदेशीचा कोकोसुद्धा याच कुळातले.

पुढं मात्र बहिणींच्या वाटा वेगळ्या होतात. दोघींचं फळ कप्प्याकप्प्यांचं बोंडच. पण कापसाच्या बोंडात सरकीच्या सालीवरची एकेक पेशी लांबत जाते, थेट दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत. आपल्या सदऱ्यातला प्रत्येक तंतू मुळात एकच पेशी असतो! भेंडीचं बी असं काही करत नाही, ते बोडकंच राहतं. तिच्याकडे तो ओळखीचा बुळबुळीतपणा आहे, आणि जास्वंदीच्या पानांनी केस धुणाऱ्यांना तो कुठून येतो हे वेगळं सांगायला नको. फूल गळल्यावर पाच-सहा दिवसांत भेंडी तोडली तर कोवळी मिळते. आणखी काही दिवस गेले की साल दोरासारखी चिवट होते. अंबाडीच्या सालीचे दोर वळतात ते या घराण्याच्या याच गुणावर.

नवशिक्याला भेंडी सोपी जाते, कारण तिचं फूल स्वतःच स्वतःला फळवू शकतं. मधमाशी आली तर चांगलंच, नाही आली तरी तिसऱ्या मजल्यावर भेंडी लागते. दोडक्याचं तसं नाही. त्याची नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी, आणि दोन्ही उमलतात संध्याकाळी. त्याचंच भावंड असलेलं घोसाळं सकाळी उमलतं. दोडक्याला कळ्या लागतात आणि गळून जातात अशी तक्रार असेल, तर दिवेलागणीला वर जावं, नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला हलकेच लावावेत. पाकळ्यांच्या खाली इवलासा दोडका दिसतो ते मादी फूल.

कुंडीत निव्वळ काळी माती भरू नये. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हाचा खडक झिजून ही माती झाली. तिच्यातले चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे असतात. पाणी त्या पापुद्र्यांमध्ये शिरलं की माती फुगते, निघून गेलं की आक्रसते. वावरात उन्हाळ्यात भेगा पडतात त्या याच कारणानं. कुंडीत हीच माती सुकली की कडेपासून सुटते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं, मुळं कोरडीच. म्हणून निम्म्याहून जास्त भाग शेणखत, गांडूळखत आणि कुजलेला पालापाचोळा असावा.

पारा पंचेचाळिशीकडे जातो तेव्हा टोमॅटोची फुलं गळतात, कारण एवढ्या उष्णतेत त्याचे पराग निकामी होतात. टोमॅटो हिवाळ्यात घ्यावा. भेंडीला ऊब लागते. पाण्याची सोय असेल तर ती उन्हाळ्यातही तग धरते, नाहीतर मृगाच्या पावसावर पेरावी.

पावसाळ्यात पान उलटून बघा. तिरके पळणारे हिरवट तुडतुडे, पांढरी माशी, मावा. कापसावर बसतात तेच हे. शेंडा सुकून मान टाकतो तेव्हा आत ठिपक्यांची बोंडअळी असते, तीही कापसाचीच. म्हणून तर कपाशीभोवती भेंडीची ओळ लावायचा सल्ला दिला जातो: कीड आधी भेंडीवर येते आणि शेतकऱ्याला वेळेत दिसते. याच किडींवर फवारणी करताना 2017 च्या पावसाळ्यात या जिल्ह्यातले वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं गेले. ज्या माणसांनी आपल्याला कापूस आणि भाजी पुरवली त्यांनी काय किंमत मोजली, हे गच्चीवर पंप हातात घेण्याआधी प्रत्येकानं आठवावं. कुंडीला निंबोळी अर्क पुरतो. लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर भिजवायची, ते पाणी गाळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारायचं. निंबोळीतलं द्रव्य अळीला लगेच मारत नाही. तिची भूक मरते, तिला कात टाकता येत नाही. आपल्याच जिल्ह्यातले सुभाष शर्मा यांनी रासायनिक शेती सोडून झाडं, पक्षी आणि गाय यांच्या भरवशावर भाजीपाला पिकवून दाखवला. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पानांच्या शिरा पिवळ्याधमक झाल्या तर तो विषाणूचा रोग, पांढऱ्या माशीनं आणलेला. ते झाड उपटून टाकावं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं भेंडीचा संकर तिच्या एका रानटी नातलगाशी करून या रोगाला दाद न देणारा ‘परभणी क्रांती’ वाण काढला. हा सरळ वाण असल्यानं त्याचं बी घरी धरता येतं, संकरित बियाण्यासारखी दरवर्षी खरेदी नको. निरोगी झाडावरच्या दोन-तीन भेंड्या तोडायच्याच नाहीत. त्या वाळून तपकिरी होतात आणि कंगोऱ्यांवर उकलतात, बोंड फुटतं तशाच. आतलं राखाडी-हिरवं बी काढून सावलीत वाळवायचं, राख लावून काचेच्या बरणीत ठेवायचं. पेरायच्या आदल्या रात्री पाण्यात भिजवलं की लवकर उगवतं. एका खड्ड्यात दोन बिया टाकाव्यात आणि रोपं चार पानांची झाली की त्यातलं जोमदार तेवढं ठेवावं.