एका इंजिनाची दोन नाकं

मुलांनो, बैलजोडी तुम्ही पाहिली असेलच. आमच्या भंडारा जिल्ह्यात, अड्याळच्या आसपास, धानाच्या बांधीकडे जाणारी बंडी म्हणजे बैलगाडी अजूनही दिसते. आता समजा, जोडीतला एक बैल तगडा आणि दुसरा मरतुकडा असला, तर काय होईल? जू तिरकं होईल, बंडी एका अंगाला ओढली जाईल आणि तगडा बैल दुसऱ्याचंही ओझं ओढून आधी थकेल. म्हणून शंकरपटासाठी जोडी निवडताना जाणती माणसं एकट्या बैलाचा वेग बघत नाहीत. दोघांची चाल जुळते का, ते बघतात.

आज अशाच एका जोडीची ओळख करून घेऊ. ही जोडी मात्र धातूची आहे आणि ती ओझं ओढत नाही, श्वास घेते!

‘कार्स’ नावाच्या कार्टून चित्रपटातला फिलमोर आठवतो का? गोल चेहऱ्याची, डब्यासारखी व्हॅन? ती आहे जर्मनीची फोक्सवॅगन. १९५० साली ती कारखान्यातून बाहेर पडू लागली, तेव्हा तिच्या इंजिनाची ताकद होती फक्त २५ अश्वशक्ती. ह्या व्हॅनचा आणि आपला संबंध जुना आहे बरं का. १९६०-७० च्या दशकांत युरोपातली तरुण मंडळी अशा गाड्यांत बसून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत थेट गोव्यापर्यंत यायची. वाटेत पूर्व तुर्कस्तानातल्या दोन हजार मीटरहून उंच खिंडी, मग वाळवंट, मग आपला उन्हाळा! १९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षअखेर अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि तो रस्ता बंद पडला.

ह्या व्हॅनचं इंजिन मागे असतं आणि त्यात पाणी नसतं. पट्ट्यावर फिरणारा पंखा हवा फेकतो, त्या हवेनेच इंजिन थंड राहतं. चार सिलिंडर असतात, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे, आडवे झोपलेले. मधोमध एकच कार्बोरेटर. आजच्या आपल्या गोष्टीची सुरुवात इथून होते.

कार्बोरेटर म्हणजे काय? तुमच्या घरी पूर्वी लूना किंवा एम-८० असेल तर बाबांना किंवा आजोबांना विचारा. ‘कचरा आला’ म्हणून रस्त्याच्या कडेला बसून त्यांनी तो नक्की साफ केला असेल. इंजिनाला नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात हवा मिसळावी लागते. किती? एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. म्हणजे तीन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दोन मीटर उंच खोलीभर हवा! ही मिसळण्याची कामगिरी कार्बोरेटरची.

ती कशी होते ते पाण्यावर करून बघा. (पेट्रोलवर मुळीच नाही! पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि दूरची ठिणगीसुद्धा तिला पुरते.) पेल्यात काठोकाठ पाणी घ्या. त्यात एक स्ट्रॉ उभी धरा आणि ती पाण्यावर जेमतेम एक सेंटिमीटर राहील अशी कापा. दुसऱ्या स्ट्रॉने तिच्या तोंडावरून आडवी, जोरात फुंकर मारा. पाणी वर चढेल आणि त्याचे तुषार उडतील. वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, म्हणून खालचं पाणी वर ढकललं जातं. कार्बोरेटरचा गळा मध्ये मुद्दाम अरुंद केलेला असतो तो याचसाठी. अरुंद जागेत हवा धावते आणि पेट्रोल वर ओढून त्याचे तुषार करते. हंगेरीतल्या दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी १८९३ साली असा कार्बोरेटर बनवला. फुलांवर पाणी फवारणारी एक फुलवाली पाहून त्यांना ही युक्ती सुचली असं सांगतात. खरंखोटं कोण जाणे, पण गोष्ट पटण्यासारखी आहे.

आता व्हॅनकडे या. कार्बोरेटर मधोमध आणि सिलिंडर दोन टोकांना, म्हणजे तुषारांना लांब नळीतून प्रवास करावा लागतो. नळी थंड असली की तुषार तिच्या भिंतींना चिकटतात, थंडीत काचेवर दव जमतं ना, तसे. नळी गरम ठेवायला कंपनीने तिच्याखालून धुराची एक बारीक नळी नेली होती. पण सरळ उपाय दुसराच होता. दोन्ही बाजूंना, सिलिंडरच्या डोक्यावरच, एकेक कार्बोरेटर बसवायचा. १९७२ च्या मॉडेलमध्ये १७०० सीसीच्या व्हॅनला कंपनीनेच दोन सोलेक्स कार्बोरेटर दिले. जुन्या १६०० सीसीच्या व्हॅनला मात्र हौशी लोक स्वतः जोडी बसवतात.

कोणती जोडी निवडायची? दुकानात गेल्यावर सगळ्यांना मोठा कार्बोरेटर आवडतो. मोठा म्हणजे ताकदवान, असं वाटतं. इथे जरा गणित करू. १६०० सीसीचं इंजिन खरं तर १५८४ सीसीचं असतं. ते मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांना एकदा पोटभर हवा घेतं. २००० गुणिले १.५८४, म्हणजे फार तर ३१६८ लिटर. याहून जास्त हवा ते घेऊच शकत नाही. मग गळा फार रुंद केला तर? हवा तीच, वाट मोठी, म्हणून तिचा वेग मंदावतो. पेल्यातल्या स्ट्रॉवर हळूच फुंकर मारून बघा, पाणी चढतच नाही. इंजिनही तसंच चढावर खोकायला लागतं.

इटलीच्या वेबर कंपनीचा ३४ आयसीटी हा एका गळ्याचा कार्बोरेटर आहे, बाजूला एक बसवला की पुरे. ४० आयडीएफ दोन गळ्यांचा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र गळा. शर्यतीसाठी फिरवलेल्या इंजिनाला तो शोभतो. पण व्हॅनला माणसं आणि सामान घेऊन कमी फेऱ्यांवर घाट चढायचा असतो. माझं मत विचाराल, तर तिला ३४ ची जोडीच बरी.

निवड झाली, आता जुळवणी. ह्याला खरी शिस्त लागते. आधी कार्बोरेटरला हातच लावायचा नाही! व्हॉल्व्हमधली फट बघायची (ह्या इंजिनात थंड असताना ०.१५ मिलिमीटर), प्लग बघायचे, ठिणगी वेळेवर पडते का ते बघायचं. ठिणगीचा दोष कार्बोरेटरच्या स्क्रूने जात नाही, नुसता लपतो. जुनी मधली नळी काढल्यावर पत्र्याला भोकं उरतात, तीही बुजवायची, नाहीतर पंख्याची हवा तिथूनच निसटते.

मग इंजिन चांगलं गरम होऊ द्यायचं. गरम झालं की हे आडवं इंजिन किंचित रुंद होतं आणि दोन कार्बोरेटरना जोडणाऱ्या दांडीचं माप बदलतं. थंड इंजिनावर केलेली जुळवणी म्हणून टिकत नाही. आता ती दांडी सोडवायची, म्हणजे एकाची ओढ दुसऱ्याला लागत नाही. सिंक्रोमीटर नावाचं मीटर एकदा डाव्या तोंडावर, एकदा उजव्या तोंडावर धरायचं. आत किती हवा जाते ते काटा दाखवतो. दोन्ही आकडे सारखे होईपर्यंत स्क्रू अगदी थोडे थोडे फिरवायचे. मीटर नसलेले मिस्त्री रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाजवळ धरतात. ‘स्स्स’ असा आवाज दोन्हीकडे सारखा आला की जोडी जुळली! त्यानंतर पेट्रोलचं प्रमाण ठरवणारे स्क्रू लावायचे. शेवटी दांडी जोडून, इंजिन वेगात फिरवून पुन्हा मोजायचं. हळू चालताना जुळलेली जोडी धावताना फुटते, हे शंकरपटवाल्यांना वेगळं सांगायला नको.

जेट म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक असलेला पितळी तुकडा. त्यावर १३० लिहिलं असेल तर भोक १.३० मिलिमीटर. ‘पेट्रोल वाचेल’ म्हणून काही जण लहान जेट घालतात. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात हा खेळ महागात पडतो. पेट्रोल कमी पडलं की इंजिन जास्त तापतं, कारण आत येणारं पेट्रोलही वाफ होताना थोडी उष्णता घेऊन जात असतं. मग व्हॉल्व्ह जळतो. त्यात जुन्या इंजिनांमध्ये तिसऱ्या सिलिंडरला तेलाच्या कूलरमागची गरम हवा मिळते, म्हणजे तो आधीच उन्हात उभा! विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेवढ्या गरम हवेचं वजन १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ-दहा टक्के कमी भरतं. तेव्हा थंड देशातल्या पुस्तकातला जेटचा आकडा जसाच्या तसा उचलून चालत नाही. उंच खिंडीतही हवा अशीच विरळ होते. गोव्याला निघालेल्या त्या व्हॅन चढावर काळा धूर का सोडत असतील, ते आता तुम्हीच सांगाल.

दोन कार्बोरेटरची जोडी आपल्याकडच्या राजदूत ३५० ह्या मोटरसायकललाही होती. १९८३ साली आलेली ही गाडीही हवेवरच थंड व्हायची. ब्राझीलमध्ये तर हवेवर थंड होणाऱ्या व्हॅन २००५ पर्यंत बनत होत्या. पुण्याजवळ चाकणला २००९ पासून फोक्सवॅगनचा कारखाना आहे, पण तिथल्या गाड्यांत कार्बोरेटर नाही, संगणक मोजून पेट्रोल सोडतो.

जुळवणी बरोबर झाली की नाही, याचा निकाल रस्त्यावर लागतो. पंधरा-वीस किलोमीटर गाडी पळवून इंजिन बंद करायचं आणि थंड झाल्यावर मोठ्या माणसाने चारही प्लग काढायचे. डावे दोन, उजवे दोन, असे फडक्यावर ओळीने मांडायचे. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळं, काजळी धरलेलं असेल तर पेट्रोल जास्त. पांढरंफेक असेल तर पेट्रोल कमी, आणि गाडी तशीच पुढे न्यायची नाही. डावीकडचे तपकिरी आणि उजवीकडचे काळे निघाले, तर नळी पुन्हा कानाला लावायची.