शेजारचा धर्म (लेखांक 6) : सात तोळ्यांचा हिशोब

गेल्या आठवड्यात आपण रोजापर्यंत आलो होतो. आता जकात. मराठी माणसाला हा शब्द ऐकला की नाक्यावरची ट्रकांची रांग आठवते. मुंबईतली जकात 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि गेली. ‘जकात नाका’ मात्र पत्त्यांत उरला. शब्द तोच, मूळ अरबी. आणि आपण त्याला दिलेले वळण फारसे चुकलेलेही नाही. मनात आले म्हणून दिले तो सदका. जकात मागे लागते. माणूस ‘निसाब’च्या मर्यादेला पोचला आणि एक चांद्र वर्ष उलटले की कर्ज वजा जाता उरलेल्या सोने, चांदी, रोकड, व्यापारी माल यांचा चाळिसावा भाग, म्हणजे शेकडा अडीच, त्याचा राहत नाही. राहते घर आणि रोजच्या वापरातले सामान यातून सुटते.

आता हा निसाब किती? ग्रंथांत उत्तर सरळ आहे: 20 दीनार सोने किंवा 200 दिरहम चांदी. पण दीनार तोळ्यात बसवायला गेले की भांडण सुरू होते. देवबंदी परंपरा साडेसात तोळे सोने आणि साडेबावन्न तोळे चांदी धरते, म्हणजे 87.48 आणि 612.36 ग्रॅम. हैदराबादच्या जामिया निजामिया या मदरशाचे आकडे वेगळे आहेत: सोने 60.755 ग्रॅम, चांदी 425.285 ग्रॅम. लखनौच्या फरंगी महलचे मौलाना अब्दुल हई यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेल्या तोळा-माशांशी हे आकडे जुळतात. जामियाचे संस्थापक अन्वारुल्लाह फारुकी याच अब्दुल हईंचे शिष्य. ते मूळचे आपल्या नांदेडकडचे. पुढे हैदराबादेत जाऊन दोन निजामांचे उस्ताद झाले.

समजा, चारमिनारजवळच्या दोन घरांतल्या दोन बायकांकडे प्रत्येकी सत्तर ग्रॅमचे दागिने आहेत, आजच्या सराफी भाषेत सात तोळे. शिलकीत रोकड काहीच नाही. देवबंदी आकड्याने चालणारीला काही लागू होत नाही. जामियाला मानणारीने पावणेदोन ग्रॅम सोन्याची किंमत द्यायची, तीही स्वतः. दागिना तिचा, म्हणून जकातही तिची. आता हैदराबादेतल्याच बारकसला जा. निजामाच्या फौजेत आलेल्या हद्रमौती अरबांची ही वस्ती, पंथ शाफई. त्यांच्याकडे अंगावर वापरायच्या दागिन्यावर जकातच नाही. आपले कोकणी मुसलमानही शाफईच, त्यामुळे रत्नागिरीच्या नववधूचा हिशोब चारमिनारपेक्षा बारकसशी जास्त जुळतो. मला या तपशिलात रस वाटतो, कारण ‘मुसलमानांत असे असते’ म्हणणाऱ्याची इथे हमखास फजिती होते.

चांदीची गोष्ट आणखी अवघड. पैगंबरांच्या काळी 20 दीनार आणि 200 दिरहम यांची किंमत जवळपास सारखी होती. आज चांदी सोन्याच्या कितीतरी मागे पडली आहे. हनफी पंथाच्या रीतीने (देवबंदी आणि जामिया दोन्ही याच पंथाचे) दोन-तीन तोळे सोने आणि थोडी रोकड एकत्र मोजली, की बेरीज चांदीच्या निसाबाला सहज ओलांडते. म्हणजे हातावर पोट असलेली बाईही कधी कधी देणाऱ्यांच्या बाजूला येते. चांदीच का धरायची, असा प्रश्न काही विद्वान उघड विचारतात. गरिबाला जास्त मिळते, हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. मला ते पुरेसे वाटत नाही.

घेणाऱ्यांचे आठ वर्ग कुराणाच्या नवव्या सूऱ्यात सांगितले आहेत: फकीर, गरजू, कर्जात बुडालेले, वाटसरू वगैरे. गरजू भावाबहिणीला जकात चालते, आईवडिलांना किंवा मुलांना नाही. त्यांना पोसणे हे आधीच अंगावर असते. सय्यदाला, म्हणजे पैगंबरांच्या वंशजालाही चालत नाही, तो कितीही गरीब असो. त्याला द्यायचे तर खिशातून वेगळे, भेट म्हणून.

‘ही जकात आहे’ असे घेणाऱ्याला सांगावे लागत नाही. देणाऱ्याच्या मनात नीयत असली की झाले. म्हणून रमजानच्या शेवटी एखादी बहीण भावाच्या घरी येते, वहिनीच्या हातात पाकीट ठेवते आणि म्हणते, ‘बच्चों की ईदी है.’

पुढच्या आठवड्यात : फित्रा, म्हणजे माणशी गव्हाचे माप.