पट्टा किती तास?

मुलीच्या पाठीतला बाक पुष्कळदा आधी शिंपिणीच्या लक्षात येतो. युनिफॉर्मचा गळा एका खांद्यावरून उतरतो, परकराची कड एका बाजूला वर राहते, आणि ती आईला सांगते, “माप बरोबर आहे हो ताई, पोर उभी कशी राहते ते बघा.” मग घरात दोषी शोधणं सुरू होतं. बाबा दप्तराला बोल लावतात, आजी मोबाइलला, आई स्वतःला. दहा वर्षांपुढच्या मुलांत दिसणारा हा बाक दप्तराने येत नाही आणि पोक काढून बसल्यानेही येत नाही. बहुतेकांत नेमकं कारण सापडतच नाही. काही घराण्यांत तो जास्त दिसतो, एवढं खरं.

मी ऑर्थोटिस्ट. हाजीअलीच्या सरकारी संस्थेत शिकले, आता डॉक्टरांनी लिहून दिलेले ब्रेस मापावर बनवते. आईबाप त्याला पट्टाच म्हणतात, मीही म्हणते.

स्कोलिओसिसमध्ये कणा बाजूला झुकतो आणि पिळलाही जातो, म्हणून एका बाजूच्या बरगड्या मागे येतात. ते ओळखायची रीत विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज सर्जनने १८६५ साली सांगितली, ती आजही चालते. मुलाला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, तळवे जोडून कमरेतून वाकायला सांगायचं, आणि आपण मागे बसून डोळे पाठीच्या पातळीवर आणायचे. एक बाजू उंच दिसली की डॉक्टर गाठायचा. उभ्याने काढलेल्या एक्स-रेवर तो बाकाचा कोन मोजतो. १० अंशांच्या आतल्या कोनाला स्कोलिओसिस म्हणत नाहीत. त्यापुढचा बाक शंभरातल्या दोन-तीन मुलांत सापडतो. लहान बाक मुलग्यांत आणि मुलींत सारखेच दिसतात, वाढत जाणारे मात्र मुलींतच कितीतरी जास्त.

पालक कोन पाठ करून येतात. “मॅडम, अठ्ठावीस आहे.” मी विचारते, पाळी कधी सुरू झाली? बाबा लगेच खिडकीबाहेर बघायला लागतात, पण सगळं गणित तिथेच आहे. अकरा वर्षांच्या, अजून पाळी न आलेल्या मुलीचे २८ अंश म्हणजे घाईचं काम. सोळा वर्षांच्या, उंची थांबलेल्या मुलीचे तेच २८ बहुधा तिथेच राहतात. वाढ किती उरली आहे हे कमरेच्या हाडाच्या एक्स-रेवरून शून्य ते पाच अशा पायऱ्यांत ठरवतात. सर्वसाधारणपणे २५ अंशांखाली दर काही महिन्यांनी तपासणी करायची, २५ ते ४० मध्ये वाढ बाकी असेल तर ब्रेस, आणि ४५-५० च्या पुढे ऑपरेशनचं बोलणं. ५० च्या वरचा बाक वाढ संपल्यावरही हळूहळू सरकत राहतो, म्हणून ती रेघ.

ब्रेस बाक घालवत नाही. वाढ संपेपर्यंत तो पुढे जाऊ न देणं, इतकंच त्याचं काम. आम्ही अंगावर प्लास्टरची पट्टी गुंडाळून साचा घेतो (आता काही ठिकाणी स्कॅनर आहेत), तो भरून कानशीने घासतो आणि ओव्हनमध्ये मऊ केलेली प्लास्टिकची शीट त्यावर ओढतो. बाकाच्या उंचवट्यावर आतून पॅड दाबतं आणि विरुद्ध बाजूला मुद्दाम पोकळी ठेवतो, म्हणजे शरीराला सरकायला जागा मिळते. ही पोकळी बघून “सैल झालाय” म्हणत पट्टा बदलायला आणणारे असतात. वेल्क्रोवर मी पेनाने खूण करून देते. तिथपर्यंत आवळला नाही, तर तो नुसता जाड अंगरखा.

आणि मग तास. अमेरिका-कॅनडातला एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. मुलांना दिवसाला १८ तास ब्रेस घालायला सांगितलं होतं आणि आत तापमान टिपणारा सेन्सर बसवला होता, त्यामुळे खोटं बोलायची सोय नव्हती. ब्रेस दिलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० च्या आत राहिला, न दिलेल्यांत ४८ टक्के. म्हणजे काहींचं ब्रेसशिवायही निभावलं असतं, हे मान्य करायलाच हवं. पण दिवसाला सरासरी १३ तास किंवा जास्त घालणाऱ्यांत यश ९० टक्क्यांवर गेलं, आणि सहा तासांखाली घालणाऱ्यांना जवळपास काहीच फायदा दिसला नाही. रात्री घालून सकाळी काढला की भागलं, असं समजणाऱ्या घरांना मी हे आकडे ऐकवते.

मुंबईच्या उकाड्यात हे सोपं नाही. आत घट्ट सुती बनियन, शिवण बाहेरच्या बाजूला, घामाने भिजलं की बदलायचं. ब्रेस काढल्यावर त्वचेवरची लाली अर्ध्या तासात गेली तर ठीक, नाही गेली तर मला दाखवायचं. तिथे क्रीम चोळायचं नाही, त्याने कातडी मऊ पडून सोलते. खेळ, पोहणं, गरबा यांसाठी तो खुशाल काढावा, ते तास मी आधीच वजा धरलेले असतात. फिजिओथेरपिस्ट शिकवतो ते खास व्यायाम जोडीला उत्तम. एका झटक्यात मणका ‘बसवून’ देणाऱ्यांकडे मात्र फिरकू नये.

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पायाला मुंग्या किंवा अशक्तपणा, कमरेच्या मध्यावर केसांचा पुंजका, किंवा अगदी लहान वयात आलेला बाक असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टर एमआरआय करायला सांगतात.

ऑपरेशनमध्ये मणक्यांत स्क्रू घालून सळ्यांनी कणा सरळ करतात आणि तेवढे मणके एकमेकांत जुळू देतात. मज्जारज्जूवर यंत्रांची सतत नजर असते. मूल एक-दोन दिवसांत उभं राहतं. जुळलेला भाग पुढे वाकत नाही, हे आधीच समजून घ्यावं. आया मला कुजबुजत विचारतात, लग्नाचं काय, बाळंतपणाचं काय? बाळंतपणं नीट होतात. लग्नाचं म्हणाल, तर ब्रिटनच्या राजघराण्यातल्या युजिनी यांचं हे ऑपरेशन बारा वर्षांच्या असताना झालं, आणि २०१८ साली लग्नात त्यांनी व्रण दिसेल असा मागे खोल गळ्याचा पोशाख मुद्दाम शिवून घेतला.

एक प्रश्न ठरलेला असतो: थोरलीचा पट्टा धाकटीला चालेल का? नाही चालत. एकाच मुलीलाही उंची वाढली की वर्ष-दीड वर्षात नवा लागतो. वाढ थांबल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यावर तास हळूहळू कमी करतात. तोवर जुना फेकू नका. पुढच्या वेळी सोबत घेऊन या, पॅड कुठे झिजलंय ते बघून मी नवा बेतते.