गोदीतली गाठ आणि घरातला कापूस

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तरेस, घाटाखाली वसलेला सोयगाव तालुका समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तेथील शेतकऱ्याचा बंदराशी, जहाजाशी किंवा कस्टमच्या कचेरीशी काही संबंध येत असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु 18 ऑगस्ट 2025 रोजी केंद्र सरकारने कापसावरील आयात शुल्क दुसऱ्या दिवसापासून माफ करणारी अधिसूचना काढली, तेव्हा तिची झळ बंदरावरील व्यापाऱ्याइतकीच, किंबहुना अधिक, या कोरडवाहू तालुक्याला लागली. माफीची मुदत प्रथम 30 सप्टेंबरपर्यंत, म्हणजे अवघ्या 43 दिवसांची होती. अमेरिकेच्या किंवा ब्राझीलच्या किनाऱ्यावरून निघालेला कंटेनर भारतात पोहोचण्यास महिना-दीड महिना सहज लागतो. गिरणी आज सौदा करणार, माल महिनाभराने चढणार आणि तो येथे उतरेपर्यंत सवलत संपलेली असणार, ही अडचण वस्त्रोद्योगाने तात्काळ पुढे केली. दहा दिवसांच्या आतच, 28 ऑगस्टला, मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली. जहाजाच्या वेळापत्रकाची दखल सरकारने इतक्या तत्परतेने घेतली. वेचणीचे वेळापत्रक मात्र या हिशेबात कोठेही नव्हते, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे तर वेचणीचेच महिने.

सोयगावला सीमाशुल्क ही वस्तू तशी नवी नाही. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि घाटाखालचा असल्यामुळे त्याची पाठ औरंगाबादकडे व तोंड खानदेशाकडे असे. शेंदुर्णी, पाचोरा, जळगाव या बाजारपेठा जवळच्या. पण त्या ब्रिटिश हद्दीत. संस्थानाचे स्वतःचे जकात खाते होते, त्याला करोडगिरी म्हणत, आणि संस्थानाची हद्द ओलांडणाऱ्या मालावर ही जकात बसे. मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरील करोडगिरी नाक्यांवर सत्याग्रहींनी व सशस्त्र तुकड्यांनी हल्ले चढविले, त्यामागे राजकारण होते हे खरेच. परंतु मालावर दोनदा भुर्दंड सोसणाऱ्या रयतेला ते नाके आपल्या डोळ्यांदेखत पडलेले हवे होते, हेही तितकेच खरे. करोडगिरीचा एक गुण मात्र मान्य करावा लागेल. नाका दिसत असे. आपला माल कोठे अडतो आणि किती द्यावे लागते, हे गाडीवानालाही ठाऊक असे. आजचा नाका न्हावाशेवा, मुंद्रा किंवा तुतिकोरिन येथे आहे. त्यावरून सोयगावचा कापूस जात नाही. त्याचा प्रतिस्पर्धी तेवढा आत येतो.

हा प्रतिस्पर्धी आत कसा येतो, हे नीट पाहण्यासारखे आहे. परदेशी रुईची गाठ भारतीय गाठीपेक्षा मोठी असते. आपली 170 किलोची, तर अमेरिकेची 480 पौंडांची, म्हणजे सुमारे 218 किलोची. चाळीस फुटी कंटेनरात अशा पंचाऐंशी-नव्वद गाठी बसतात. माल जहाजावर चढला की जहाज कंपनी बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजाची बिल्टी देते. ही बिल्टी ज्याच्या हाती, माल त्याचा. तिच्याबरोबर पीजक, विम्याचा कागद, मूळ देशाचा दाखला आणि कीडमुक्ततेचे व धुरी दिल्याचे प्रमाणपत्र, असा संच बँकेमार्फत आयातदाराकडे येतो. तो क्लिअरिंग एजंटच्या स्वाधीन केला जातो. कायद्याने त्याचे नाव आता सीमाशुल्क दलाल असे केले असले, तरी बंदरावर त्याला कोणी त्या नावाने हाक मारीत नाही. तो संगणकावरून बिल ऑफ एण्ट्री दाखल करतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर हे काम जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत झालेच पाहिजे. उशीर झाल्यास दर दिवसाचा आकार बसतो. मग वनस्पती संगरोधाचा अधिकारी माल पाहतो, शुल्क भरले जाते, कस्टमचा सुटकेचा आदेश निघतो, जहाज कंपनीचा डिलिव्हरी ऑर्डर मिळतो आणि कंटेनर फाटकाबाहेर पडतो. या साखळीतील एक कागद जरी चुकला, तरी बंदराचे डॅमरेज आणि कंटेनर अडकविल्याबद्दल जहाज कंपनीची आकारणी अशी दुहेरी घड्याळे सुरू होतात. तीस दिवसांत माल सोडविला नाही, तर नोटीस देऊन तो विकण्याची मुभाही 1962 च्या सीमाशुल्क कायद्यात आहे.

धुरीचा इतिहास थोडा मागचा आहे. अमेरिकेतील कापसाचा सत्यानाश करणारा बोंडांचा सोंडकिडा रुईत अडकलेल्या सरकीबरोबर इकडे येऊ नये, म्हणून परदेशी गाठींना बंदरावर धुरी देण्याची सक्ती 1906 मध्येच झाली. तो किडा भारतात आजतागायत शिरलेला नाही, हे त्या दूरदृष्टीचे फळ. नियतीचा विनोद असा की, जवळपास त्याच सुमारास भारतातील सरकीबरोबर गुलाबी बोंडअळी इजिप्तला गेली आणि तेथून तिने जगाचा प्रवास केला. आपण दार लावले. दुसऱ्याचे उघडे होते.

वाहतुकीचा खर्च या व्यवहारात दोन वेळा भरावा लागतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. शुल्क आकारले जाते ते मालाच्या मूळ किमतीवर नव्हे. किंमत, विमा आणि जहाजभाडे यांच्या बेरजेवर. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, सुएझचा मार्ग सोडून जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, भाडे वाढले आणि प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला. शुल्क असते तेव्हा वाढलेल्या भाड्यावरही शुल्क बसते. म्हणजे संरक्षणाची भिंत समुद्रातील अशांततेमुळे आपोआप थोडी उंच होते आणि शांततेत खाली येते. देशातील उत्पादकाच्या संरक्षणाचे हे एक विचित्र साधन म्हणावे लागेल.

परंतु खरी मेख दराच्या तारखेत आहे. शुल्काचा दर कोणत्या दिवसाचा धरायचा? कायद्याच्या पंधराव्या कलमाचे उत्तर असे, की बिल ऑफ एण्ट्री सादर झाल्याचा दिवस किंवा जहाजाला प्रवेश मिळाल्याचा दिवस, यांपैकी जो नंतरचा तो. सौदा केव्हा झाला, माल केव्हा चढला, याला महत्त्व नाही. आणि आयातदाराला त्या दिवसाचा दर परवडत नसेल, तर त्याच्यासाठी दुसरे दार आहे. शुल्क न भरता, शुल्काच्या तिप्पट रकमेचे बंधपत्र लिहून देऊन, माल बाँडेड गोदामात ठेवता येतो. सर्वसाधारण मालाला तेथे वर्षभर राहता येते. व्याज लागते ते नव्वद दिवसांनंतर. माल बाहेर काढण्यासाठी जेव्हा पुन्हा बिल दाखल होते, त्या दिवसाचा दर लागू होतो. त्या दिवशी शुल्क शून्य असेल तर काय? प्रतिभा प्रोसेसर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये निर्वाळा दिला, की व्याज हे शुल्काचे अंगभूत आहे. शुल्कच नसेल तर व्याजही नाही. तात्पर्य, दर चढा असेल तेव्हा गाठ गोदामात झोपू शकते आणि माफीची अधिसूचना निघाल्यावर उठून बाहेर येऊ शकते. यात गैर काही नाही. व्यापाराला भांडवल अडकू न देता थांबता यावे, हाच बाँडेड गोदामाचा हेतू असून जगभर तो मान्य आहे.

सोयगावच्या कापसाला असे थांबता येत नाही. वेचलेला कापूस सरकीसह असतो, तो फुगलेला असतो, आगीला भितो. घरातील एक खोली त्याने भरली की कुटुंब उरलेल्या जागेत राहते. महिना-दोन महिने गेले की त्यातील बारीक किड्यांमुळे अंगाला खाज सुटते, आणि सुकत जाणारा कापूस वजनात घटतो तो निराळाच. बाँडेड गोदामातील गाठ दाबलेली, मोजलेली, विमा उतरलेली असते. तिच्यावर बँक पैसे देते. 2007 च्या गोदाम कायद्याने शेतमालाच्या पावतीवर कर्ज मिळण्याची सोय केली खरी, पण ती सरकी काढून गाठ बांधल्यावर उपयोगाची. जिनिंगपर्यंत कापूस नेईतो तो बहुधा शेतकऱ्याचा राहिलेलाच नसतो. दिवाळी, मजुरांची वेचाई, कृषिसेवा केंद्राची उधारी आणि रब्बीचे बियाणे हे सगळे एकाच महिन्यात दाराशी उभे असते. त्याच्या बिल ऑफ एण्ट्रीची तारीख दुसरेच लोक ठरवितात.

2025 च्या हंगामात यात पावसाची भर पडली. सप्टेंबरमधील अतिवृष्टीने मराठवाड्यात बोंडे काळी पडली, कापूस भिजला. लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 8110 रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसाला 7710 रुपये हमीभाव जाहीर झालेला होता. तो मिळण्याचे ठिकाण भारतीय कापूस निगमाचे, म्हणजे सीसीआयचे केंद्र; आणि केंद्रावर ओलावा आठ टक्क्यांपेक्षा अधिक असला तर भाव कापला जातो, बारा टक्क्यांपलीकडे माल घेतलाच जात नाही. त्या हंगामात मोबाइलवरील नोंदणी आणि ठरवून दिलेला दिवस, ही आणखी एक पायरी आली. बंदरातील एजंटसाठी जसा कागदांचा संच असतो, तसाच येथेही तयार झाला: सातबारा, आधार, पीकपेरा. फरक इतकाच, की ही कागदपत्रे सांभाळणारा एजंट शेतकऱ्याला परवडत नाही. ज्यांचा दिवस लांबला किंवा कापूस ओला ठरला, त्यांनी खासगी व्यापाऱ्याची वाट धरली, आणि अनेक बाजारांत तो दर हमीभावाच्या खाली होता.

याच सीसीआयची कुळकथा येथे सांगितली पाहिजे. 31 जुलै 1970 रोजी ती स्थापन झाली ती परदेशी कापसाची आयात एकाच हाती राहावी म्हणून. शेतकऱ्याचा कापूस हमीभावाने घेण्याची जबाबदारी तिच्यावर नंतर आली. त्या काळी परदेशातून किती गाठी आणायच्या, केव्हा आणायच्या आणि कोणत्या गिरणीला द्यायच्या, हे सरकारच ठरवी. महाराष्ट्रात 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि शेतकऱ्याला राज्याबाहेर कापूस नेण्यास मनाई झाली. ते दिवस परत यावेत असे कोणी म्हणणार नाही. एकाधिकाराने तोटा साठविला, चुकारे महिनोन्‌महिने थकविले आणि शेवटी स्वतःच मान टाकली. आयातही नव्वदच्या दशकात खुली झाली आणि 2008 च्या जुलैमध्ये कापसावरील शुल्कच गेले. ते 2021 च्या फेब्रुवारीत परत आले: मूळ शुल्क पाच टक्के, कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर पाच टक्के आणि दोहोंवर अधिभार, मिळून अकरा टक्के. म्हणजे शेतमालाची गोदामे, बाजार व साठवण यांच्या नावाने बसविलेला उपकर या शुल्काचा जवळजवळ निम्मा भाग होता. माफीत तोही गेला. सोयगावसारख्या तालुक्यात जी गोष्ट नाही, तिच्यासाठीचा पैसा, ती नसल्याचा तोटा सर्वांत अधिक जाणविणाऱ्या महिन्यांत थांबला.

गिरण्यांची बाजू पोकळ आहे असे नव्हे. अमेरिकेने 27 ऑगस्ट 2025 पासून भारतीय मालावर पन्नास टक्के आकार लावला. तिरुपूर, कोइमतूरची निर्यात अडचणीत आली आणि त्यांना स्वस्त कच्चा माल हवा होता. शिवाय सगळा दोष माफीच्या माथी मारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सप्टेंबर 2025 मध्ये संपलेल्या हंगामात आयात चाळीस लाख गाठींच्या पुढे गेल्याचा व्यापारी संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यातील बहुतेक माल अकरा टक्के शुल्क असतानाच आला. जगात भाव पडलेले असले की भिंत ओलांडून माल येतोच. आपले हेक्टरी उत्पादन जगाच्या सरासरीपेक्षा पुष्कळ मागे आहे, महाराष्ट्राचे त्याहूनही. हे दुखणे कोणत्याही अधिसूचनेने बरे होणार नाही.

पण तारखेचे दुखणे अधिसूचनेचेच आहे. 2025 च्या खरिपाचे हमीभाव मंत्रिमंडळाने 28 मे रोजी मंजूर केले. ते पाहून, अकरा टक्के शुल्क गृहीत धरून, सोयगावच्या शेतकऱ्याने जूनमध्ये कापूस लावायचा की मका, हे ठरविले. 82 दिवसांनी, पिकाला पाते-फुले लागलेली असताना, त्या हिशेबातील एक आकडा शून्य झाला. मका पेरण्याची वेळ निघून गेली होती. 2022 मध्येही एप्रिलच्या मध्यावर दिलेली माफी सप्टेंबरअखेर संपावयाची होती. तीही ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे नव्या कापसाच्या आवकेत, लांबविली गेली. हमीभाव ज्या बैठकीत ठरतो त्याच बैठकीत येत्या हंगामाचे आयात शुल्क ठरावे, आणि ते खाली आणावयाचेच झाले तर ऑक्टोबर ते जानेवारी हे चार महिने वगळून आणावे, यात सरकारच्या तिजोरीला तोशीस नाही आणि गिरणीलाही फारशी नाही. गिरणीजवळ बाँडेड गोदाम आहे. चार महिने गाठ तेथे थांबली, तर कायदा तिला अगोदरच वर्षाची मुदत देतो. 31 डिसेंबर 2025 रोजी माफी संपली, तेव्हा सोयगाव तालुक्यातील बहुतेक कापूस विकला जाऊन गेला होता.