एका परिच्छेदात न मावणारे गाव
अमेरिकी शाळांतील ‘थिंग्ज फॉल अपार्ट’चे अध्यापन

चिनुआ अचेबे यांनी फेब्रुवारी १९७५मध्ये ॲम्हर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जोसेफ कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’वर एक व्याख्यान दिले. कॉनरॅडवर वंशवादाचा थेट आरोप करणारे म्हणून ते गाजले आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. त्या व्याख्यानाची सुरुवात मात्र कॉनरॅडपासून होत नाही. न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स गावातल्या शाळकरी मुलांची दोन पत्रे अचेबे यांना आली होती. मुलांनी वर्गात ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ वाचली होती. त्यांपैकी एकाला आफ्रिकेतल्या एका जमातीच्या चालीरीती आणि अंधश्रद्धा कळल्याचा विशेष आनंद झाला होता. अचेबे त्याच्यावर चिडत नाहीत. याँकर्समधल्या त्याच्या स्वतःच्या ‘जमाती’तही चमत्कारिक चालीरीती भरपूर आहेत, हे त्या मुलाच्या ध्यानातच आलेले नाही, एवढे ते मिस्कीलपणे नोंदवतात.

या छोट्या प्रसंगात एका मोठ्या शैक्षणिक प्रश्नाचे मूळ आहे. आफ्रिकी समाजाला ‘चालीरीती आणि अंधश्रद्धा’ यांपलीकडे माणसे असतात, हे दाखवण्यासाठी अचेबे यांनी कादंबरी लिहिली. ती मन लावून वाचलेल्या विद्यार्थ्याच्या हाती शेवटी चालीरीती आणि अंधश्रद्धाच लागल्या. हे कसे घडले? दोष मुलाचा नव्हता, कादंबरीचाही नव्हता. साहित्याच्या तासाला ‘संस्कृती’ शिकवायची म्हणजे नेमके काय शिकवायचे, याचा उलगडा झालेला नव्हता. तो आजही पुरता झालेला नाही.

वर्गापर्यंतचा प्रवास

‘थिंग्ज फॉल अपार्ट’ १९५८मध्ये लंडनच्या हायनेमन प्रकाशनाने काढली. पहिली आवृत्ती अवघी दोन हजार प्रतींची होती. पुढच्याच वर्षी अमेरिकी आवृत्ती निघाली. १९६२मध्ये हायनेमनने ‘आफ्रिकन रायटर्स सिरीज’ सुरू केली, तिच्या पहिल्या क्रमांकावर हीच कादंबरी होती आणि मालिकेचे संपादकीय सल्लागार होते स्वतः अचेबे. स्वस्त, कागदी बांधणीच्या या पुस्तकांमुळे आफ्रिकेतल्या शाळा-महाविद्यालयांना आफ्रिकी लेखक परवडू लागले. कादंबरी पुढे पन्नासहून अधिक भाषांत गेली.

अमेरिकी शाळांचे दार मात्र सावकाश उघडले. तिथल्या माध्यमिक शाळांत कोणती पुस्तके नेमली जातात, याची पाहणी आर्थर ॲपलबी यांनी १९८९मध्ये प्रसिद्ध केली. सर्वाधिक शिकवल्या जाणाऱ्या दहा पुस्तकांत स्त्री लेखिकेचे पुस्तक एकच होते आणि अल्पसंख्य समाजांतल्या लेखकाचे एकही नव्हते. याच सुमारास विद्यापीठांत ‘अभ्यासक्रमात कोणाला जागा द्यायची’ यावरून मोठे वाद पेटले होते आणि त्यांची धग शाळांपर्यंत पोहोचली. १९९१मध्ये अमेरिकेच्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनने केवळ ही एक कादंबरी कशी शिकवावी यावर बर्न्थ लिंडफर्स यांनी संपादित केलेले पुस्तक काढले. २०१०मध्ये ‘कॉमन कोअर’ ही अभ्यासक्रम-मानके आली. त्यांच्या नमुना-यादीत नववी-दहावीसाठी ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ आहे. याच इयत्तांसाठीच्या एका मानकानुसार विद्यार्थ्यांनी अमेरिकेबाहेरच्या साहित्यकृतीतला सांस्कृतिक अनुभव आणि दृष्टिकोन तपासायचा असतो. ही कादंबरी त्या चौकटीत चपखल बसते. अडचणही तिथूनच सुरू होते.

तक्ता आणि गोष्ट

कथानक थोडक्यात असे. नायजेरियाच्या आग्नेय भागातल्या इग्बो समाजातले उमुओफिया हे गाव. काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. आळशी, कर्जबाजारी, पण बासरीत रमणाऱ्या उनोकाचा मुलगा ओकोंक्वो हा आपण बापासारखे ठरू या भीतीने आयुष्यभर कठोर होत जातो. गावाच्या स्वाधीन झालेला इकेमेफुना नावाचा मुलगा तीन वर्षे त्याच्या घरी वाढतो. देववाणीच्या आज्ञेने त्याला मारायचे ठरते, तेव्हा आपण दुबळे दिसू नये म्हणून ओकोंक्वो स्वतः घाव घालतो. पुढे हातून अपघाताने एकाचा जीव जातो आणि त्याला सात वर्षे आईच्या गावी परागंदा व्हावे लागते. परततो तोवर मिशनरी आणि ब्रिटिश अंमल गावात ठाण मांडून बसलेले असतात. शेवट त्याच्या आत्महत्येने होतो.

कादंबरीच्या पंचवीस प्रकरणांपैकी पहिली तेरा, म्हणजे निम्म्याहून अधिक, गोरा माणूस येण्याआधीच्या गावाची आहेत. लागवड, लग्न, कुस्ती, न्यायनिवाडा, आजारपण असा सगळा संथ विस्तार त्यांत आहे. शिक्षकापुढे वेळापत्रक असते. तो या विस्ताराचा तक्ता करतो: अन्न, धर्म, कुटुंब, कायदा, सण. प्रत्येक रकान्यात विद्यार्थ्यांनी पुस्तकातली उदाहरणे भरायची. तक्ता तपासायला सोपा असतो, पण त्यात क्रियापदे उरत नाहीत. कोणी काय केले, कोणी अडवले, कोण गप्प राहिले, हे गळून पडते आणि ‘इग्बो लोक असे मानतात’ एवढे एकसाची वाक्य हाती राहते.

वस्तूंची ओळख करून द्यावी लागतेच, यात वाद नाही. ‘याम’ हा शब्दच घ्या. अमेरिकेत बहुतेकदा नारिंगी गराच्या रताळ्याला ‘याम’ म्हणतात आणि थँक्सगिव्हिंगच्या जेवणात ते गोड करून वाढतात. इग्बो याम हा वेगळाच कंद, आपल्या कोनफळाच्या कुळातला. तो वेलावर वाढतो, आधाराला काठ्या लागतात आणि बियाण्यासाठी कंदच राखून ठेवावे लागतात. त्यामुळेच बियाणे उसने मागणाऱ्या तरुण ओकोंक्वोची पत किती पणाला लागली आहे, ते समजते. डोळ्यांपुढे रताळे असलेल्या मुलाला तो प्रसंग किरकोळ वाटतो. कोला फळाचेही तसेच. कडवट चवीचे हे फळ पाहुण्यापुढे ठेवतात, पण ते फोडण्याचा मान कोणाचा, यावरून यजमान आणि पाहुणा एकमेकांना आग्रह करत बसतात. पहिल्याच प्रकरणात हा सोहळा चालतो तो कर्ज वसूल करायला आलेला शेजारी आणि ते कधीच न फेडणारा उनोका यांच्यात. ‘कोला म्हणजे आदरातिथ्याचे प्रतीक’ अशी टीप लिहून पुढे जाणारा वाचक या प्रसंगातले हसू गमावतो.

गावातले मतभेद

तक्त्यात न बसणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गावाचे स्वतःशीच चाललेले भांडण. चौथ्या प्रकरणात शांतिसप्ताहात बायकोला मारल्याबद्दल ओकोंक्वोला दंड होतो. त्यावर गावातला वयोवृद्ध एझेउडू सांगतो की पूर्वी असा नियम मोडणाऱ्याला मरेपर्यंत गावभर फरफटत नेत. ती पद्धत बंद पडली, कारण जी शांतता राखायची तीच तिने भंग पावत होती. दुसऱ्या एका गावी या सप्ताहात मेलेल्याला पुरतही नाहीत, ही त्यांची वाईट चाल आहे, असेही तो म्हणतो. म्हणजे रूढी बदलतात, त्यांची कारणे तपासली जातात, शेजारच्या गावाशी तुलना होते, आणि हे सगळे मिशनरी येण्याच्या कितीतरी आधी.

इकेमेफुनाच्या हत्येवर वर्गात हमखास उमटणारी प्रतिक्रिया असते, ‘त्यांच्या संस्कृतीत हे चालते.’ कादंबरी तसे म्हणत नाही. तोच एझेउडू ओकोंक्वोला बजावतो की मुलगा तुला बाप म्हणतो, त्याच्या मृत्यूत हात घालू नकोस. जिवलग मित्र ओबिएरिका त्या दिवशी घरीच थांबतो आणि नंतर तोंडावर सांगतो की देववाणीशी मी भांडलो नसतो, पण घाव घालणाराही झालो नसतो. परंपरा न सोडता तिच्यापुढे कितपत झुकायचे, याची मोजणी इथे दिसते. तेराव्या प्रकरणाच्या शेवटी हाच ओबिएरिका मित्राच्या जळून गेलेल्या घराचा विचार करत बसतो. नकळत घडलेल्या अपराधाला एवढी शिक्षा का, आपल्या बायकोची जुळी अर्भके रानात टाकावी लागली, त्यांचा काय गुन्हा, हे प्रश्न त्याला पडतात आणि उत्तर सापडत नाही. ‘इग्बो लोक जुळ्यांना टाकत’ हे तक्त्यातले वाक्य खरे आहे, पण ज्या बापाच्या मनात ते सलते तोही इग्बोच आहे. ओकोंक्वोचा मुलगा न्वोये पुढे ख्रिस्ती होतो, त्यामागे धर्मशास्त्राची पटलेली बाजू नाही. जुळ्यांचे रडणे आणि इकेमेफुनाचे मरण त्याच्या मनात रुतून बसलेले असते.

इंग्रजीच्या शिक्षकाला आणखी एक मोह होतो. सोफोक्लीझ आणि शेक्सपिअर आधी शिकवून झालेले असतात, त्यामुळे ओकोंक्वोला शोकात्म नायकाच्या साच्यात बसवणे सोपे जाते. हे वाचन चूक नाही. कादंबरीचे शीर्षकच येट्सच्या ‘द सेकंड कमिंग’ या कवितेतून आले आहे. पण इग्बो कल्पनेत प्रत्येकाची ‘ची’ असते. ती नियती नव्हे, आत्मा नव्हे, कुलदैवतही नव्हे. ती माणसाची सोबतीण-देवता असते आणि माणसाच्या होकारासरशी तीही होकार भरते असे मानतात. ओकोंक्वो या समजावर विसंबून असतो आणि परागंदा झाल्यावर तोच समज त्याला फोल वाटू लागतो. ‘स्वभावदोषामुळे नायकाचा नाश’ हे सूत्र आणि ‘ची’ यांत कुठे जुळते आणि कुठे फाटते, हे विचारले तर ग्रीक नाटक आणि इग्बो विचार दोन्ही नव्याने उघडतात.

एक्वेफीची गोष्टही अशीच. तिची नऊ मुले लहानपणीच दगावली. मेलेले मूल पुन्हा पुन्हा आईच्या पोटी येते, अशा मुलाला ‘ओग्बांजे’ म्हणत. तिने मुलांची ठेवलेली नावे मृत्यूची विनवणी करणारी, पुढे पुढे त्याच्यापुढे हात टेकणारी होत जातात. ज्या मराठी घरांत मुले जगत नव्हती, तिथे दगडू, धोंडू, केरू अशी नावे ठेवण्याची चाल होती. ती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही अंधश्रद्धेची नोंद वाटणार नाही. एका आईच्या हरण्याचा तो आलेख आहे.

हसणे कोणाचे?

सोळाव्या प्रकरणात मिशनरीचा दुभाषा दुसऱ्या बोलीचा असल्याने ‘मी स्वतः’ म्हणताना ‘माझे ढुंगण’ म्हणतो. लोक खोखो हसतात. वर्गही हसतो, आणि इथे थांबून विचारावे की आपण कोणाबरोबर हसलो? वाचक नकळत गावकऱ्यांच्या बाजूने बसलेला असतो. हे अचेबे यांच्या इंग्रजीचे यश आहे: म्हणी, संबोधने, वाक्यांची ठेवण इग्बो वळणाची आणि भाषा मात्र राज्यकर्त्यांची. आफ्रिकी लेखकाने याच भाषेत लिहावे का, हा वाद १९६२च्या कंपालातील मकेरेरे परिषदेपासून चालू आहे. न्गुगी वा थिओंगो यांनी पुढे गिकुयूत लिहायचे ठरवले. इंग्रजीच्या तासाला हा वाद बाहेर ठेवला, तर तास अर्धाच झाला.

एकाच पुस्तकावर सगळा भार टाकणेही घातक ठरते. चिमामांडा न्गोझी अदिची यांनी २००९मधल्या आपल्या प्रसिद्ध भाषणात सांगितले आहे की त्यांच्या कादंबरीतला मारकुटा बाप वाचून एका अमेरिकी विद्यार्थ्याने नायजेरियन पुरुष असे असतात याचे दुःख व्यक्त केले. त्यावर त्यांनी उत्तर दिले की आपण नुकतीच ‘अमेरिकन सायको’ वाचली, तरुण अमेरिकी माणसे खूनसत्रे करतात हे किती वाईट! ओकोंक्वोच्या बाबतीत हा धोका मोठा आहे. त्याच्या घरातल्या स्त्रियांवरून इग्बो स्त्रीचे चित्र रंगवणाऱ्या वर्गाला १९२९चा स्त्रियांचा उठाव सांगायला हवा. करआकारणीच्या धास्तीने आणि ब्रिटिशांनी नेमलेल्या मुखियांविरुद्ध याच भागातल्या हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या. गोळीबारात पन्नासवर स्त्रिया मारल्या गेल्या. सोबत फ्लोरा न्वापा यांच्या ‘एफुरू’मधली (१९६६) किंवा बुची एमेचेटा यांच्या ‘द जॉयज ऑफ मदरहुड’मधली (१९७९) काही पाने ठेवली, तरी ओकोंक्वो हा एक माणूस उरतो, समाजाचा नमुना होत नाही.

अचेबे यांनी आपल्या वाचकासाठी खरा सापळा शेवटच्या पानावर ठेवला आहे. ओकोंक्वोचे प्रेत झाडाला लटकते आहे. इंग्रज जिल्हाधिकारी ते उतरवण्याचा हुकूम देऊन निघतो आणि वाटेत आपल्या नियोजित पुस्तकाचा विचार करतो. नायजरच्या खालच्या खोऱ्यातल्या आदिम जमातींना कसे शांत केले, त्याचे ते पुस्तक असणार आहे. या माणसावर एक प्रकरण होईल, निदान बरासा परिच्छेद तरी, असे त्याला वाटते. आपण पंचवीस प्रकरणे वाचली त्याचा त्याच्या लेखी एक परिच्छेद होतो. चालीरीतींचा तक्ता भरून घेणारा वर्ग नकळत त्याच अधिकाऱ्याच्या टेबलाशी जाऊन बसतो.

यावर एक साधा स्वाध्याय शक्य आहे. अधिकाऱ्याला जेवढे ठाऊक आहे तेवढ्यावर विद्यार्थ्यांनी तो परिच्छेद लिहावा. मग त्यात काय काय आले नाही, याची यादी करावी: एझेउडूची ताकीद, ओबिएरिकाचे प्रश्न, एक्वेफीने ठेवलेली नावे, उनोकाची बासरी. यादी जसजशी वाढेल तसतसे मुलांना उमगेल की संस्कृती याच यादीत आहे. त्यानंतर याँकर्सचा विद्यार्थी आपल्या गावाबद्दलही असा एक परिच्छेद लिहू शकेल, आणि त्यात काय सुटले हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही.