एका 'नमो मरिये'ला दहा सेकंद

ऑक्टोबर हा कॅथलिकांचा जपमाळेचा महिना. वसईच्या गावांत या दिवसांत संध्याकाळी क्रुसासमोर शेजारीपाजारी जमतात आणि रोझरी सुरू होते. लांबून शब्द कळत नाहीत, फक्त आवाजाचा चढउतार कानावर येतो. एक जण 'नमो मरिये'चा पहिला अर्धा भाग म्हणतो, तो संपता संपता बाकीचे सगळे उरलेला अर्धा उचलून धरतात. पुन्हा तेच. पन्नास वेळा तेच. बाहेरच्या माणसाला ही नुसती घोकंपट्टी वाटते. खरं सांगायचं तर आईच्या शेजारी बसवलेल्या पोरांनाही तसंच वाटत असणार. त्यांचा डोळा माळेवर असतो, अजून किती मणी राहिलेत यावर.

ही घोकंपट्टी शरीरात नेमकं काय करते, हे पाहायचं इटलीतल्या पाविया विद्यापीठाच्या लुचानो बेर्नार्दी या डॉक्टरांनी मनावर घेतलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 23 धडधाकट माणसं निवडली. त्यांचा श्वास, हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह यांच्या नोंदी घेतल्या: आधी गप्प बसलेले असताना, मग साधं बोलत असताना, मग लॅटिनमधून 'आवे मारिया', म्हणजे हीच 'नमो मरिये', म्हणत असताना. आणि शेवटी 'ॐ मणि पद्मे हुम्' म्हणत असताना. हो, तोच बौद्ध मंत्र. कॅथलिक देशातल्या प्रयोगशाळेत दोन्ही जप एकाच यंत्राला जोडले गेले. डिसेंबर 2001मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निष्कर्ष छापून आले. निवांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण बारा ते सोळा श्वास घेतो. दोन्ही जपांत हा आकडा घसरून जवळजवळ सहावर आला होता. श्वास हळू घ्या असं कोणी सांगितलेलं नव्हतं. प्रार्थनेचं मापच तसं होतं.

कसं, ते पाहा. लॅटिन 'आवे मारिया' पाळीपाळीनं म्हटली की एक आवर्तन पूर्ण व्हायला साधारण दहा सेकंद लागतात. आपला अर्धा भाग म्हणताना माणूस श्वास सोडत असतो, समोरचा म्हणत असतो तेव्हा घेतो. दहा सेकंदांत एक श्वास, मिनिटाला सहा.

आता गंमत अशी की हे दहा सेकंद आपल्या शरीराच्या ओळखीचे आहेत. रक्तदाब एका जागी कधीच स्थिर नसतो. साधारण दर दहा सेकंदांनी तो किंचित चढतो आणि उतरतो. सिगमंड मायर या शरीरशास्त्रज्ञानं 1876मध्ये या हेलकाव्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना मायर लाटा म्हणतात. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत आणि हृदयापासून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारे मज्जातंतू असतात. दाब वाढला की ते मेंदूला कळवतात, मेंदू हृदयाला जरा दमानं घ्यायला सांगतो. ही सगळी ये-जा रात्रंदिवस चालू असते, आपल्याला पत्ताही नसतो. झोपाळ्याला त्याच्याच लयीत हात लावला की थोड्या जोरातही तो उंच जातो. तसा श्वास या दहा सेकंदांच्या लयीशी जुळला की ठोके, दाब आणि मेंदूचा रक्तप्रवाह एकाच तालावर येतात. दाब सावरणारी यंत्रणा त्या वेळी अधिक चपळ झाल्याचं बेर्नार्दींना दिसलं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांत ही यंत्रणा मंदावली असेल तर धोका वाढतो, हे डॉक्टरांना आधीच माहीत होतं. म्हणजे मोजलेली गोष्ट किरकोळ नव्हती.

मला यात सगळ्यात नवल वाटतं ते या प्रार्थनेच्या घडणीचं. जपमाळ हातात घेऊन पाहिली तर ती हिशेबाची वही आहे. 59 मणी, खाली लोंबणारा क्रूस. दहा मणी जवळजवळ, मग थोडी मोकळी दोरी, मग एकटा मणी, पुन्हा दहा. अंधारात, डोळे मिटून, तापानं फणफणलेल्या माणसाच्या बोटांनाही कळावं की आपण कुठवर आलो. मध्ययुगीन युरोपात मठातले साधू बायबलमधली 150 स्तोत्रं म्हणत. ज्यांना अक्षरओळख नव्हती ते त्याऐवजी 150 वेळा प्रभूची प्रार्थना म्हणत आणि मोजायला मणी ओढत. पुढे तिथे मरियेचं नाव आलं. तेही सुरुवातीला अर्धंच. देवदूतानं आणि एलिझाबेथनं मरियेला केलेलं अभिवादन लूकच्या शुभवर्तमानात आहे, प्रार्थना तेवढीच होती. 'आमच्यासाठी आता आणि मरणाच्या वेळी विनंती कर' हा मागणीचा भाग लोकांच्या तोंडी हळूहळू रुळला आणि पाचव्या पायस पोपनं 1568च्या प्रार्थनाग्रंथात त्यावर शिक्कामोर्तब केलं. अभिवादनाला विनंतीची जोड मिळाली तेव्हाच प्रार्थनेचे दोन जवळजवळ समान तुकडे झाले, आणि एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं उचलायचं, याला जागा झाली. दहा सेकंदांचं माप कोणी ठरवून बसवलं नाही. माझा अंदाज, शतकानुशतकं म्हणणाऱ्यांच्या छातीनंच तो मजकूर घासून गुळगुळीत केला असावा.

बेर्नार्दींच्या लेखात आणखी एक धागा आहे. जपमाळ युरोपात धर्मयुद्धांच्या काळात अरबांकडून गेली असावी आणि अरबांकडे ती भारत-तिबेटच्या बाजूनं, असं त्यांना वाटतं. यावर इतिहासकारांचं एकमत नाही, म्हणून मी फार ताणणार नाही. पण आळंदी-देहूच्या वाटेवर तुळशीची माळ ओढणाऱ्याला यात परकं काही वाटू नये.

इथवर वाचून एखादा भाविक खूश होईल: बघा, विज्ञानानं प्रार्थना सिद्ध केली. तसं मुळीच नाही. यंत्रानं मोजला श्वास, देव नाही. देवाला मोजायचे प्रयत्नही झालेत, त्यांची कथा मजेदार आहे. 1872मध्ये इंग्लंडमधल्या फ्रान्सिस गाल्टन या संशोधकानं हिशेब मांडला: राजाराण्यांच्या दीर्घायुष्यासाठी दर रविवारी चर्चमध्ये अख्खा देश प्रार्थना करतो, तर ते जास्त जगायला हवेत. आकडे काढले तेव्हा सुखवस्तू वर्गांत राजघराण्यांचंच आयुर्मान सगळ्यात कमी निघालं, सरासरी 64 वर्षांच्या आसपास. 2006मध्ये हर्बर्ट बेन्सन यांच्या गटानं अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत बायपास होणाऱ्या 1802 रुग्णांवर मोठा अभ्यास केला. दूरवरचे तीन ख्रिस्ती प्रार्थनागट काही रुग्णांची नावं घेऊन चौदा दिवस प्रार्थना करत होते. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली आणि ज्यांच्यासाठी झाली नाही, त्यांच्यात शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीचं प्रमाण जवळजवळ सारखंच राहिलं, 52 आणि 51 टक्के. मात्र 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना चालू आहे' असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात ते 59 टक्के होतं. एवढी प्रार्थना लागतेय म्हणजे आपलं काही खरं नाही, असं त्यांना वाटलं असावं, असा एक तर्क तेव्हा मांडला गेला. त्या बिचाऱ्यांसाठी अनोळखी लोक प्रार्थना करत होते, हेही विसरू नये. कधी न पाहिलेल्या माणसानं यादीतून तुमचं नाव घेणं वेगळं आणि खाटेच्या कडेला बसून मावशीनं माळ ओढणं वेगळं.

या फरकाकडे बोट दाखवणारा एक छोटा प्रयोग ऑक्सफर्डमध्ये झाला. काटिया वीख आणि सहकाऱ्यांनी 12 श्रद्धाळू कॅथलिक आणि 12 देव न मानणारे किंवा त्याबद्दल साशंक असलेले लोक घेतले, त्यांच्या हाताला विजेचे बोचरे झटके दिले आणि त्याच वेळी एक चित्र दाखवलं. कधी सास्सोफेर्रातोनं रंगवलेली मरिया, कधी लिओनार्दोची मुंगसासारखा प्राणी हातात घेतलेली तरुणी. दोन्ही चित्रं जुनी, दोन्ही चेहरे शांत. मरियेकडे पाहताना कॅथलिकांना वेदना कमी जाणवल्याचं त्यांनी सांगितलं. इतरांना दोन्ही चित्रं सारखीच. मेंदूच्या चित्रणात कॅथलिकांच्या उजव्या कपाळामागचा एक भाग कामाला लागलेला दिसला. एखाद्या त्रासाकडे वेगळ्या अर्थानं पाहायला तोच भाग मदत करतो असं मानतात. हा अभ्यास 2008चा. झटका तेवढाच होता, अंगावर येताना वेगळा झाला.

बांद्र्याला मोतमाउलीच्या चर्चच्या पायऱ्यांजवळ मेणाचे अवयव विकायला ठेवलेले असतात. हात, पाय, डोळे, छाती, पोट, बाळाची बाहुली, अलीकडे घर आणि विमानसुद्धा. सप्टेंबरच्या जत्रेत हिंदू, मुसलमान, पारशी सगळे रांगेत असतात. गुडघा धरलेली बाई पाय निवडते तेव्हा ती दुखणं हातात घेते, त्याला आकार देते, वजन देते आणि दुसऱ्याच्या पायाशी ठेवून मोकळी होते. माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला हेच कागदावर चालतं. 1948पासून. लागोपाठ नऊ बुधवार यायचं, आपली विनंती लिहून टाकायची. उपकारस्मरणाच्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या जातात: कुणाचं ऑपरेशन नीट झालं, कुणाला नोकरी लागली. ऐकणाऱ्या शेकडो लोकांना त्या माणसाचं नावही ठाऊक नसतं, तरी दुखण्यात आपण एकटेच नाही एवढं कळतं.

प्रोटेस्टंट मंडळी माळ ओढत नाहीत. ती गातात. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी त्यांना भजन दिलं, अभंग दिला, आणि ओळ संपेपर्यंत श्वास पुरवून सोडायची सवय वारकऱ्यांसारखी त्यांच्याही छातीला लागली. त्याच प्रोटेस्टंट परंपरेतल्या विल्यम वॉनलेस या डॉक्टरनं 1894मध्ये मिरजेला रुग्णालय काढलं. बेर्नार्दींनी आपल्या लेखात रोझरीकडे धार्मिक विधीइतकंच आरोग्याची सवय म्हणूनही पाहावं असं सुचवलं आहे. वॉनलेसनं मात्र प्रार्थनेच्या जोडीला शस्त्रक्रियेचं टेबल मांडलं होतं, आणि बायपासच्या त्या 1802 रुग्णांतलं कोणीही नुसत्या प्रार्थनेवर अवलंबून नव्हतं, सगळ्यांची छाती सर्जनांनी उघडलेली होती.